नाममुद्रा आणि पदन्यास

कवितेवर नृत्य उभे राहिले की समीक्षेचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नृत्याने कवितेशी इमान राखले काय? शब्दांतील भावाशय देहाच्या हालचालींत उतरला काय, की कवितेचे केवळ निमित्त झाले? या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. कविता आधीची, पूर्ण आणि स्वयंसिद्ध. नृत्य नंतरचे, परावलंबी आणि म्हणून ऋणको. मालार्मेच्या 1876 सालच्या कवितेवरून, दब्यूसीच्या संगीताच्या आधाराने, निजिन्स्कीने 1912 साली पॅरिसमध्ये जी नृत्यरचना सादर केली तिची चर्चाही बहुधा याच अंगाने होते. वास्तविक निजिन्स्कीने ती कविता वाचलीच नव्हती, असे सांगितले जाते. न वाचलेल्या कवितेचे ऋण कसे फेडावयाचे, हा तसा गमतीचाच प्रश्न. परंतु ऋणाचा हा हिशेब उलट बाजूने, म्हणजे कविता नृत्याचे काय देणे लागते अशा रीतीने, मांडून पाहण्यासाठी मराठी समीक्षकाला पॅरिसपर्यंत जाण्याचे कारण नाही. संगमनेर तालुका त्याला पुरेसा आहे.

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील हा तालुका अनंत फंदीचा (1744–1819). फंदी ब्राह्मण असून तमाशात रमला, आणि अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्याने डफ टाकून कीर्तनाची वाट धरली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती सहसा कवीच्या उद्धाराची कथा म्हणून सांगितली जाते. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा आणि आता जिल्ह्याचे नावही त्यांचेच, त्यामुळे या कथेला अधिकच वजन यावे हे स्वाभाविक आहे. पण कथा जिथे संपते तिथे एक प्रश्न उरतो. कवीचे शब्द तमाशातून कीर्तनात जाऊ शकले. फडात नाचणारा नाच्या पोऱ्या कोठे गेला? शब्दाला स्थलांतर करता येते, प्रतिष्ठेच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढता येते. नाचणाऱ्या देहाला तशी सोय नव्हती. आख्यायिका त्याच्याविषयी काहीच बोलत नाही.

लावणीची संहिता छापील संग्रहात वाचणाऱ्याला शेवटी कवीची नाममुद्रा भेटते. रचना कोणाची याचा तो रोखठोक दस्तऐवज असतो. होनाजी बाळाच्या बाबतीत तर होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा करंजकर हा गायक, या दोघांची नावे जुळून एकच नाव झाले. म्हणजे गळ्याला नाममुद्रेत वाटा मिळू शकला. पावलांना, डोळ्यांना, भुवयांना तो मिळाल्याचे उदाहरण सापडत नाही. याचे एक उत्तर असे देता येईल की नृत्य नश्वर आहे, त्याचे लेखन होत नाही, म्हणून नावही राहत नाही. हे उत्तर अपुरे आहे. बाळाचा आवाज तरी कोठे उरला आहे? तरीही त्याचे नाव टिकले. तेव्हा नाव न टिकण्याचे कारण कलेच्या नश्वरतेपेक्षा कलावंताच्या दर्जात अधिक असावे.

बैठकीच्या लावणीतील अदाकारी या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. गाणारी स्त्री बसलेली असते; एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घोळवते, आणि दर आवर्तनाला तिचा अर्थ पालटत जातो. पहिल्यांदा जी तक्रार असते ती दुसऱ्यांदा लाडीगोडी होते, तिसऱ्यांदा धमकी, चौथ्यांदा शब्द तेच राहून नजर त्यांची थट्टा करू लागते. कागदावर या ओळीला एकच अर्थ होता, फार तर दोन. बाकीचे अर्थ कोणाचे? ते संहितेत सुप्त होते असे म्हणणे म्हणजे अदाकारीला कवीच्याच खात्यावर जमा करणे होय. अधिक योग्य शब्द आपल्या परंपरेतच उपलब्ध आहे : टीका. याच जिल्ह्यात, नेवासे येथे, 1290 साली ‘भावार्थदीपिका’ सिद्ध झाली. ती गीतेवरील टीका आहे म्हणून ज्ञानदेवांचे कर्तृत्व उसने आहे असे कोणी म्हणत नाही. मूळ श्लोकाचे बोट धरून टीकाकार किती दूर जाऊ शकतो याचाच तो मानदंड मानला जातो. शब्दांनी केलेल्या टीकेला जे सर्जनाचे स्थान मिळते ते भुवईने केलेल्या टीकेला नाकारायचे, तर त्यासाठी काही वेगळे तात्त्विक कारण द्यावे लागेल. ते आजवर कोणी दिलेले दिसत नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रात प्रत्येक कलेचे माध्यम स्वतंत्र असल्याने नृत्य हे कवितेचे भाषांतर ठरत नाही, हे खरे. नृत्याच्या स्वायत्ततेला तिथे जागा मिळते. पण माध्यम, घटक आणि लय यांच्या या भाषेत नर्तकी मात्र हरवते. तिचे शरीर हे माध्यम होऊन बसते. शब्द या माध्यमाला जात नसते, पोट नसते. तिला असते.

म्हणून पवळेकडे यावे लागते. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची ही महार समाजातील स्त्री पठ्ठे बापूरावांच्या (1866–1945) फडात नाचली. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी. त्यांनी जात सोडली, घर सोडले, अशी त्यागाची यादी त्यांच्या प्रत्येक चरित्रकथेत असते, आणि तो त्याग खोटा नव्हे. परंतु त्यागाच्या भाषेत फक्त ज्याच्यापाशी टाकण्याजोगे काही होते त्याचाच हिशेब मांडता येतो. पवळेपाशी टाकण्यासारखे काही नव्हते, म्हणून ती त्या कथेत कर्ती न राहता कारण ठरते : जिच्यासाठी सोडले ती. असेही सांगितले जाते की पवळा दुरावल्यावर बापूरावांच्या फडाला उतरती कळा लागली. कवी तोच होता, लावण्याही त्याच होत्या. मग जे गेले त्याला नाव काय द्यावे? रसिक ज्याला ‘बापूरावांची लावणी’ म्हणत होते तिचा मोठा भाग हिवरगावच्या त्या बाईच्या देहात होता, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

येथपर्यंतचा युक्तिवाद सुखावह आहे. नर्तकीला कर्तृत्व बहाल केले की समीक्षकाची सद्सद्विवेकबुद्धी शांत होते. पण आणखी एक कथा आडवी येते. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीसाठी देऊ केलेली देणगी बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, कारण तो पैसा महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता, असे सांगतात. या नकाराला कलेविषयीची अनास्था म्हणणे उथळपणाचे होईल. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, गण घेतला, कवने घेतली, आणि स्त्रीचे नाचणे वगळले. त्यांच्या दृष्टीने पवळेची अदा ही निर्मिती असेलही. पण ती ज्या सक्तीतून आली तिच्यापासून वेगळी काढता येत नव्हती. शर्मिला रेगे यांनी 1995 साली लावणी कलावंतिणींवरील आपल्या निबंधात जात आणि लैंगिकता यांचा हाच गुंता उलगडला. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये तर नाचणारीच्या मुलाने घुंगरांच्या मागचे घर दाखवले. ती पाने वाचल्यावर ‘टीका’ हा शब्द थोडा जपूनच उच्चारावा लागतो.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांची बेरीज होत नाही. ज्या देहावर सक्ती झाली त्याच देहाने अर्थ निर्माण केले. सक्ती पाहून निर्मिती नाकारली तर पवळा दुसऱ्यांदा पुसली जाते. निर्मिती पाहून सक्ती विसरली तर तिची लूटच चालू राहते.

आज कवितेवर नृत्य बसवणाऱ्यापुढे हा पेच प्रत्यक्ष व्यवहाराच्या रूपात उभा आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी नृत्यासाठीच मराठी रचना सिद्ध केल्या. तशा रचनांवर काम करताना कवी आणि दरबार दोघेही कागदोपत्री सापडतात. लावणीचे तसे नाही. शिक्षित नर्तकी संग्रहातून संहिता घेते, तिला स्वच्छ पोशाख व संयत हस्तमुद्रा देते, आणि पत्रिकेवर कवीचे व स्वतःचे नाव छापते. तिने जी नजर वापरली ती मात्र संग्रहात नव्हती. ती कोणत्या तरी बारीतल्या बाईकडून, तिच्याही शिक्षिकेकडून आलेली असते. भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ (2014) या पुस्तकाने आणि सावित्री मेधातुल यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या त्याच नावाच्या प्रयोगाने निराळा मार्ग धरला : रंगमंचावर बारीतल्या कलावंतिणीच आल्या. हा मार्ग प्रत्येक नृत्यरचनाकाराला शक्य नाही आणि तो सक्तीचा करणेही योग्य नव्हे. कोणतीही कविता कोणीही नाचावी. पण पत्रिकेवर ‘काव्य’ या शब्दापुढे एक नाव आणि ‘नृत्यरचना’ या शब्दापुढे दुसरे नाव छापताना, त्या दोहोंच्या मधली जी ओळ कोरी सुटते ती कोणाची, हे विचारण्याची जबाबदारी टळत नाही. आणि मानधन वाटतानाही ती टळू नये.