दातांची गवाही

लहानपणी बकरी ईदच्या आधी अब्बांबरोबर छावणीच्या जनावरांच्या बाजारात जायचो. अब्बा बोकडाचा खालचा ओठ बोटाने ओढत आणि म्हणत, "दो दांत है." बोकडाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. मधले दोन दुधाचे दात पडून रुंद दात आले, की वर्ष भरले असे समजतात. बैलबाजारातही हीच भाषा: आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. पण हनफी मसलकात अट वर्ष पूर्ण होण्याची आहे. दात ही फक्त त्याची गवाही. गवाही कच्ची वाटली, तर अब्बा तो बोकड सोडून देत, मग तो कितीही स्वस्त असो.

हरणाचा जबडाही अशीच गवाही देतो. अमेरिकेतील संशोधक सेव्हरिंगहाउस यांनी १९४९ साली पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी ही पद्धत मांडली. साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत या हरणाची तिसरी उपदाढ दुधाची, तीन उंचवट्यांची असते. मग दोन उंचवट्यांची कायमची येते. इथवर वय बरेच नेमके कळते. पुढे झीजच पाहावी लागते: पांढरे कवच किती घासले, आतला तपकिरी भाग किती रुंद झाला. पण दात वर्षांनी झिजतात, तसे चाऱ्यानेही झिजतात. मातीसकट चरणारे हरण वयाआधी म्हातारे दिसते. कन्नडजवळच्या गौताळ्यातल्या चिंकाऱ्याला तो अमेरिकी तक्ता जसाच्या तसा लावता येणार नाही. जन्मवर्ष ठाऊक असलेल्या हरणांवर ही पद्धत तपासली, तेव्हा थोराड हरणांचे अंदाज वारंवार चुकलेले दिसले.

हरीण मेलेले असते. चुकीचे त्याला काही वाटत नाही.

माझ्या टेबलासमोर मात्र जूनमध्ये जिवंत मूल उभे असते. काही वर्षांपूर्वी एक आई मुलाला घेऊन आली. जन्मदाखला नव्हता. "बारिश के दिन थे, सर," एवढेच तिला आठवत होते. मुलाचे पुढचे दोन दात पडलेले पाहून मी सहा वर्षे धरली आणि रजिस्टरमध्ये १ जून लिहून टाकले. असे १ जूनवाले आपल्याकडे घरोघरी आहेत.

नंतर कळले, की २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वयाचा वाद आला, तर शाळेचा दाखला आधी पाहतात, मग पालिकेची जन्मनोंद. दोन्ही नसतील, तरच हाडांची तपासणी. म्हणजे माझा अंदाज हाडांच्याही पुढे उभा राहतो. आणि दोन कागदांवर दोन तारखा असल्या की काय होते, हे आपल्या वस्तीला सांगायला नको.

अंदाजा करणे गुनाह नाही. पण शंकेची किंमत अंदाज करणाऱ्याने भरावी. अब्बा भरत होते. मी ती एका मुलाच्या माथी मारली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून आता मूल आधी वर्गात बसते. मग मी दवाखान्याची नोंद, लसीचे कार्ड, अंगणवाडीची वही शोधायला त्याच्या घरच्यांबरोबर जातो. दोन-चार दुपारी जातात. जाऊ देत.

त्या मुलाचे पुढचे दात केव्हाच आले. त्याची तारीख अजून १ जूनच आहे.