घरधनी कीं भाडेकरू?

नांदेड व लातूर येथील महानगरपालिकांच्या लोकनियुक्त सभासदांची मुदत २०२२ सालीं संपली. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी, असें राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती सांगते. ती झाली जानेवारी २०२६ मध्यें. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयांत चालला, आणि मधला तीन वर्षांहून अधिक काळ सरकारनियुक्त प्रशासकांच्या हातीं गेला.

दिवे तेव्हांही लागत होते, मग बिघडलें काय, असें कित्येक सुशिक्षित विचारतात. आमच्या मतें हा प्रश्न भाडेकरूचा आहे, घरधन्याचा नव्हे. प्रशासक चोख असेलही. पण त्यास नेमणारे आपण नव्हे आणि काढणारेही नव्हे. नगरसेवक वाईट निघाला तर निवडल्याचा दोष आपल्याकडे येतो, आणि तो दोष पदरीं घेऊनच माणूस नागरिक होतो.

ज्या स्वामी रामानंद तीर्थांचें नांव नांदेडचें विद्यापीठ मिरवितें, त्यांनीं निजामाकडे मागितला तो चांगला सुभेदार नव्हे. मागितली ती जबाबदार राज्यपद्धति. १९४८ सालीं मराठवाडा मुक्त झाला तो त्यासाठींच.

घटनेचा शब्द मोडला तो इतरांच्या हातून. परंतु रिकाम्या सभागृहाची उणीव आम्हांस भासली नाहीं, हा दोष मात्र आमचा.