बूढ़ा तोता आणि कोरी पाटी

उर्दूत एक म्हण आहे : बूढ़े तोते कहीं पढ़ते हैं? म्हातारे पोपट कुठे शिकतात! आपल्या घरांतून ही म्हण इतकी सहज तोंडी येते, की ती कोणाला लागते आहे याचा विचार कोणी करत नाही. मराठीही या बाबतीत मागे नाही. तिच्याकडे 'साठी बुद्धी नाठी' आहे, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' आहे. आपण या दोन भाषांत वाढलेली माणसे, तेव्हा दोन्हींतल्या सबबी आपल्याला तोंडपाठ असाव्यात यात नवल नाही. नवल याचे वाटते, की म्हणीतला पोपट म्हातारा असला तरी ती वापरली जाते चाळिशीतल्या माणसासाठी. घरातली कर्ती बाई इंग्रजीचे पुस्तक उघडून बसली, किंवा दुकानदार भाऊ संगणकाच्या वर्गाला जाऊ लागला, की कोणीतरी हसून पोपटाची आठवण काढतोच.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शिकणे हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून या म्हणीकडे थट्टा म्हणून पाहणे मला जमत नाही. अर्ध्या आयुष्यावर येऊन नवे काही शिकणे, नवी वाट धरणे ही निव्वळ हौस आहे, की कधीकधी ते आपले कर्तव्यही असते? आणि कर्तव्य असेल, तर ते टाळताना आपण नेमके काय सांभाळत असतो?

एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. बदल हा स्वतःहून काही सद्गुण नाही. बायकामुलांना वाऱ्यावर सोडून 'मला माझे आयुष्य जगायचे आहे' म्हणत निघालेला माणूस धाडसी नसतो, तो फक्त आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. उलट वर्षानुवर्षे एकच काम निष्ठेने करणाऱ्याला आपण जुनाट म्हणू लागलो, तर तोही अन्यायच. आपल्याकडे याला इस्तिकामत म्हणतात, ठाम उभे राहणे. ती मोठी गोष्ट आहे. पण इस्तिकामत आणि हट्ट दिसायला सारखे असतात. दोन्हींत माणूस जागचा हलत नाही. फरक ओळखायचा तर न हलणाऱ्या माणसाने स्वतःला एवढेच विचारावे, की मी इथे उभा राहून कोणाचा हक्क सांभाळतो आहे, की फक्त माझा मान सांभाळतो आहे?

वय झाले की पाठ होत नाही, डोके चालत नाही, हे कारण सगळेच देतात. त्यात थोडे तथ्य आहे. पहिलीतले मूल जितक्या झटपट पाठांतर करते, तितके चाळिशीतला माणूस करत नाही. पण मोठ्या माणसाकडे जे असते ते मुलाकडे नसते. नवी गोष्ट अडकवायला त्याच्याकडे अनुभवाच्या खुंट्या असतात. व्याजाचे गणित पाचवीतल्या मुलाला समजावताना घाम फुटतो. ज्याने स्वतः कर्जाचे हप्ते फेडले आहेत, त्याला ते दोन वाक्यांत कळते. मग मूल पुढे का जाते? माझ्या पाहण्यात कारण निराळेच आहे. पहिलीतले मूल 'अलिफ' वाकडा काढते आणि तीच पाटी वर्गभर मिरवते. त्याला गमावण्यासारखे काही नसते. मोठा माणूस वही हाताखाली झाकतो. तो कोणाचा तरी बाप असतो, सासू असते, साहेब असतो, उस्ताद असतो. वाकडा अलिफ काढला की या सगळ्या पदव्यांना धक्का लागेल असे त्याला वाटते. चाळिशीला स्मरणशक्ती घटते त्यापेक्षा शागिर्द व्हायची तयारी जास्त घटते.

इमाम ग़ज़ालींचे उदाहरण मला म्हणूनच फार जवळचे वाटते. जन्म १०५८ चा. १०९१ मध्ये बगदादच्या निज़ामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले. त्या काळच्या शिक्षकाला याहून मोठे पद नव्हते. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. आणि १०९५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते पद सोडून निघून गेले. 'अल-मुन्क़िज़ मिनद्दलाल' या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. आपण शिकवतो ते इल्मसाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना सोडेना. जवळपास सहा महिने जावे की राहावे या ओढाताणीत गेले. शेवटी जीभच अडखळली. वर्गात शब्द फुटेना, घास गिळवेना, हकिमांनी हात टेकले. शिक्षकाचा आवाजच जावा, यातला त्रास शिक्षकालाच कळेल.

या हकिकतीतला एक तपशील आपण सहसा सांगत नाही. निघण्याआधी त्यांनी आपली संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या निर्वाहापुरते मागे ठेवले. म्हणजे नव्या वाटेची किंमत त्यांनी स्वतःच्या पदातून चुकवली, मुलांच्या ताटातून नाही. 'जबाबदाऱ्या आहेत, आता काय नवे करणार' असे म्हणणाऱ्याला आणि जबाबदाऱ्या झटकून निघणाऱ्याला, दोघांनाही यात उत्तर आहे.

दुसरा तपशील त्याहून महत्त्वाचा. सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. बाहेरून पाहणारा म्हणेल, एवढा प्रवास करून काय मिळवले, फिरून पुन्हा मदरशातच आले! पण हे जुने काम पुन्हा धरणे नव्हे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पूर्वी ते ज्या इल्मने मान मिळतो ते शिकवत, आता ज्या इल्मपायी मान सोडावा लागतो ते शिकवत होते. बदल म्हणजे नोकरी, गाव किंवा पेहराव बदलणेच असे नाही. वीस वर्षे शिकवत असलेला तोच धडा, तीच खडू-फळी, पण शिकवण्याचा हेतू बदलला, तर माणूस नवा होतो.

आता कोणी म्हणेल, ग़ज़ाली लहानपणापासून विद्वान, आमचे काय? मर्वचे अल-क़फ़्फ़ाल घ्या. क़फ़्फ़ाल म्हणजे कुलुपे बनवणारा, आणि त्यांचा धंदा तोच होता. फ़िक़्हच्या अभ्यासाला ते लागले तिशीच्या सुमारास. त्या काळात या वयापर्यंत लोक शिकून शिकवायला लागलेले असत. पुढे ते खुरासानातले शाफ़ई पंथाचे आघाडीचे फ़क़ीह झाले. १०२६ मध्ये वारले, तोवर शिष्यांची मोठी परंपरा मागे उभी राहिली होती. आणि नाव मात्र शेवटपर्यंत कुलुपवाल्याचेच राहिले. ते लपवावे असे त्यांना वाटले नाही, यातच त्यांच्या यशाचे अर्धे कारण असावे.

ही दोन्ही उदाहरणे पुरुषांची आहेत, आणि इथे थोडे थांबायला हवे. पुरुष चाळिशीत नवे काही करतो तेव्हा लोक त्याला 'दुसरी सुरुवात' म्हणतात. पण आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना पहिलीच मिळालेली नसते. शाळेत पालकसभेला येणाऱ्या आयांमध्ये मी असे चेहरे नेहमी पाहते. सातवी-आठवीत शाळा सुटलेली, सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न. मुले मोठी होऊन हात जरा मोकळे होतात तेव्हा वय चाळीस. अशीच एक आई दहावीला बाहेरून बसण्याच्या सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करायला आली, तेव्हा बोलत होती कुजबुजत. चोरी करायला आल्यासारखी. तिला अभ्यासाची भीती नव्हती. जावेने आणि शेजारणीने काय म्हणावे याची होती. "मॅडम, मेरी बेटी भी इस साल दसवीं में है," एवढे सांगून ती गप्प झाली. मला वाटते, मुलीबरोबर परीक्षा देणे ही लपवायची नव्हे, मिरवायची गोष्ट आहे. पण तिला तसे वाटावे यासाठी आपण भोवतालच्या लोकांनी काय केले आहे?

बी अम्मांना, म्हणजे अली बंधूंच्या मातोश्री आबादी बानो बेगम यांना, लोक काय म्हणाले असतील! तरुणपणी वैधव्य आले, नातलगांचा विरोध पत्करून त्यांनी मुलांना इंग्रजी शिक्षण दिले. साठी ओलांडल्यावर, १९१७ मध्ये, मुले नजरकैदेत असताना त्या कलकत्त्याला मुस्लिम लीगच्या अधिवेशनात बुरख्यातून बोलल्या. आयुष्य पडद्यात गेलेल्या बाईने सभेसमोर उभे राहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत खिलाफतीच्या आणि असहकाराच्या काळात त्या गावोगाव फिरल्या. त्यांनी आपला बुरखा, आपले वय, आपले आईपण काहीच टाकून दिले नाही. जे होते ते घेऊनच नवीन कामाला लागल्या.

आपल्या महाराष्ट्रातलेच अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर मुरबाड तालुक्यातले फांगणे. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर ऐंशी-नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तरात पाटी घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. तिथे सगळ्या एकदम शाळेत गेल्या, म्हणून एकटीला हसणारे कोणी उरले नाही. शरम एकट्याला गाठते. चार जणी मिळून बसल्या की तिचे बळ ओसरते.

आता आमच्या घरचे, म्हणजे शिक्षकांचे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षे उरली आहेत अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. या निकालाने आमच्या स्टाफरूममध्ये वीस-पंचवीस वर्षे शिकवलेली माणसे हादरली. त्यांची तक्रार खोटी नाही. नोकरीला लागताना जी अट नव्हती ती अर्ध्या वाटेत यावी, आणि तिच्यावर पोटापाण्याचा प्रश्न टांगला जावा, हे कोणालाही लागेल. त्याविरुद्ध बोलणे हा त्यांचा हक्क आहे. पण त्या तक्रारीत दुसरी एक गोष्ट मिसळलेली मला ऐकू येते : "आता आम्ही पोराटोरांबरोबर पेपर लिहायचा का?" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला न्यायाचा प्रश्न आहे, दुसरा अहंकाराचा. नियम अन्यायाचा वाटला तर त्याच्याशी जरूर भांडावे. पण शिकायची लाज त्या भांडणाच्या आड लपवू नये. ज्या उस्तादला विद्यार्थी व्हायची लाज वाटते, तो समोरच्या विद्यार्थ्यांना नकळत हेच शिकवतो, की शिकणे ही लहानांची, खालच्यांची गोष्ट आहे. मोठे झालात की सुटाल. आमच्या सगळ्या धड्यांपेक्षा हा धडा त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

म्हणून वरच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. मध्यम वयात नवे काही करणे प्रत्येकासाठी, प्रत्येक वेळी कर्तव्य नाही. ज्याच्या जाण्याने दुसऱ्याचे ताट रिकामे होते, त्याने थांबावे. त्यात कमीपणा नाही. पण जिथे वाट अडवणारी गोष्ट फक्त आपला मान आहे, तिथे न हलणे ही निष्ठा नव्हे. आणि आपल्या न शिकण्याची किंमत जेव्हा विद्यार्थी, मुले, पेशंट, गिऱ्हाईक अशी दुसरीच माणसे मोजत असतात, तेव्हा शिकणे हौस उरत नाही, ते देणे होते.

या देण्यात आपल्या सर्वांचा एक वाटा आहे, आणि त्याला ना वय लागते, ना फी. कोणी पुस्तक उघडून बसले तर हसायचे नाही. सासूने सुनेला, नवऱ्याने बायकोला, मुलाने बापाला संध्याकाळचा एक तास मोकळा करून द्यायचा. बापाला मोबाइलवर पैसे पाठवायला तिसऱ्यांदा शिकवताना 'कितनी बार बताऊं' म्हणायचे नाही. त्याने आपल्याला अलिफ-बे कितव्यांदा शिकवले होते, याचा हिशेब आपण कधी ठेवला नव्हता.