दुसरे सभागृह कशाला?

नागरिकशास्त्राच्या तासाला आपण मुलांकडून आकडे पाठ करून घेतो. लोकसभेत ५४३ सदस्य, राज्यसभेत २४५. उमेदवारीसाठी तिकडे वयाची अट २५ वर्षे, इकडे ३०. पण वर्गातली एखादी चौकस मुलगी विचारते, ‘लोकांनी निवडलेली एक सभा असताना दुसरी कशाला?’ तेव्हा आकडे तिच्या कामी येत नाहीत. हा प्रश्न अजिबात पोरकट नाही. मोठमोठ्या माणसांनी तो विचारला आहे, आणि काळागणिक त्याचे उत्तर बदलले आहे. मला मुलांना ही बदलती उत्तरेच सांगावीशी वाटतात, कारण त्यांतून संसद जितकी कळते तितकी कलमांच्या यादीतून कळत नाही.

इंग्लंडमध्ये दोन सभागृहे कुणी बसून आखली नव्हती. राजाला युद्धासाठी पैसा हवा असे. कर बसवायचा तर सरदार-धर्मगुरूंबरोबर परगण्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधीही बोलवावे लागत. चौदाव्या शतकात हे प्रतिनिधी सरदारांपासून वेगळे बसू लागले आणि एका संसदेची दोन सभागृहे झाली. समाजात वरचे आणि खालचे असे थर आहेत, म्हणून सभाही दोन, एवढेच ते पहिले उत्तर. लोकशाहीत ते टिकणारे नव्हते. १९०९ मध्ये उमरावांच्या सभागृहाने सरकारचा अर्थसंकल्पच फेटाळला. त्यात श्रीमंतांवर आणि जमिनीवर नवे कर होते. दोन वर्षांत कायदा झाला आणि पैशाच्या बाबतीत अडवणूक करण्याचा उमरावांचा अधिकार गेला. आपल्याकडे धनविधेयक राज्यसभेला नाकारता येत नाही, फक्त चौदा दिवसांत सूचना करून परत पाठवता येते. या नियमाचे मूळ त्या भांडणात आहे.

दुसरे उत्तर अमेरिकेतले. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना मोठी राज्ये म्हणत होती की लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. लहान राज्यांना भीती होती की मग आपल्याला कुणी विचारणार नाही. तोड निघाली ती अशी : एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या दोन. दुसरे सभागृह प्रतिष्ठितांचे असण्याऐवजी राज्यांचे असू शकते, ही कल्पना इथे रुजली.

आपल्याकडे दुसरे सभागृह प्रथम आले ते इंग्रजांच्या सोयीसाठी. १९१९ च्या कायद्याने दिल्लीत ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ स्थापन झाले. सदस्य साठ, आणि मतदानाचा हक्क बडे जमीनदार, मोठे करदाते अशा मूठभरांना. खालच्या असेंब्लीत लोकनियुक्त सदस्य सरकारला अडचणीत आणत, तेव्हा हे वरचे सभागृह सरकारच्या पाठीशी असावे असा हिशेब होता. म्हणूनच जुलै १९४७ मध्ये संविधान सभेत दुसऱ्या सभागृहाचा विषय निघाला तेव्हा काही सदस्यांनी कडाडून विरोध केला. हे लोढणे स्वतंत्र देशाने गळ्यात का बांधून घ्यावे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मला तो विरोध समजू शकतो. त्यांनी पाहिलेले दुसरे सभागृह तसेच होते.

उत्तर दिले एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी. महत्त्वाच्या विषयांवर भारदस्त चर्चा व्हावी, क्षणिक आवेशातून येणारे कायदे थोडे थांबावेत आणि निवडणुकीच्या धकाधकीत न उतरणाऱ्या अनुभवी माणसांचा उपयोग देशाला व्हावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कायद्याला आणि कारभाराला अडसर होईल इतकी ताकद या सभागृहाला द्यायची नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. थांबवायचे, पण कायमचे अडवायचे नाही. माझ्या मते आपल्या राज्यसभेचा सगळा आराखडा या एका विचारातून निघाला आहे.

तो आराखडा असा. राज्यसभेचे बहुतेक सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. जागा लोकसंख्येच्या अंदाजाने, म्हणून महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १. अमेरिकेची बरोबरी आपण घेतली नाही. आमदार पसंतिक्रमाने मत देतात. महाराष्ट्रात सहा जागांसाठी निवडणूक असेल आणि सर्व २८८ आमदारांनी मत दिले, तर पहिल्याच फेरीत निवडून यायला पहिल्या पसंतीची ४२ मते लागतात. त्यामुळे बहुमतवाला पक्ष सगळ्या जागा खाऊ शकत नाही. शिवाय हे सभागृह कधीच बरखास्त होत नाही. सदस्यांची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. लोकसभेत एका निवडणुकीच्या लाटेने सगळे चित्र पालटते. राज्यसभेत तीच लाट हळूहळू पोहोचते.

आणि माणसे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ ची लोकसभेची निवडणूक मुंबईत हरले. संविधानाचा शिल्पकार पहिल्या संसदेबाहेर राहिला असता. मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आल्यामुळे ते संसदेत बसले. राष्ट्रपतींनी नेमायच्या बारा जागांवर धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे आले, नाटककार मामा वरेरकर आले. मतदारसंघात फिरून मते मागणे या दोघांना कितपत जमले असते?

दोन्ही सभागृहांचे मत जुळले नाही तर काय, हे मुलांना हमखास विचारावेसे वाटते. साध्या विधेयकावर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे दोन्हीकडचे सदस्य एकत्र मतदान करतात, आणि लोकसभेचे संख्याबळ दुपटीहून अधिक असल्याने बहुधा तिचेच म्हणणे चालते. कायदा करण्यासाठी अशी बैठक आजवर तीनदाच झाली : १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोगाचा कायदा रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायद्यासाठी. घटनादुरुस्तीला मात्र ही वाट बंद आहे. ती दोन्ही सभागृहांत वेगवेगळी, विशेष बहुमताने मंजूर व्हावी लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७० मधले. संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेने मंजूर केली. राज्यसभेत बाजूने १४९ मते पडली, विरोधात ७५. एकूण २२४. मुलांनी वहीत गणित करून पाहावे : दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने विधेयक पडले! सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९७१ मध्ये निवडणूक झाली, इंदिरा गांधी मोठे बहुमत घेऊन परतल्या आणि त्याच वर्षी तनखे गेले. स्वतंत्र भारतात कुणाला जन्मामुळे सरकारी तनखा मिळू नये, असेच मला वाटते. तरीही राज्यसभेतल्या त्या पराभवाने नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. निर्णय अखेर तोच झाला, पण तो मतदारांपुढून जाऊन झाला.

अय्यंगारांची कल्पना अलीकडे झिजते आहे, याचे मला वाईट वाटते. २००३ पर्यंत राज्यसभेच्या उमेदवाराला त्या राज्याचा मतदार असावे लागे. कायदा बदलून ती अट काढली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला. आता महाराष्ट्राच्या जागेवर देशातल्या कुठल्याही राज्याचा मतदार बसू शकतो. न्यायालयाचा निर्णय मान्य. पण मग राज्यांची सभा कोणत्या अर्थाने म्हणायची? धनविधेयकाचेही तेच. विधेयक धनविधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. २०१६ मध्ये आधारचे विधेयक त्या वाटेने आले. राज्यसभेने दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्या नाकारल्या, आणि विषय त्याच दिवशी संपला. ज्या सभागृहाने थांबायला लावायचे, त्याला वळसा घालून जाण्याची सवय लागली तर एकच सभागृह असल्यासारखे होईल.

वेळकाढूपणा दोन्ही बाजूंनी होतो, हेही खरे. विधिमंडळांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारे विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० रोजी मंजूर केले. लोकसभेने ते मतदानाला घेतलेच नाही. राज्यसभेने मंजूर करून लोकसभेत पडून राहिलेले विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद होते. २०१४ मध्ये तेच झाले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये नव्याने आणलेले विधेयक लोकसभेने आणि लागोपाठ राज्यसभेने मंजूर केले. त्यातले आरक्षण लोकसभेला आहे, विधानसभांना आहे. राज्यसभेला आणि विधान परिषदांना ते नाही.