हार घालण्याआधी

कुरुंदवाड

चि. नातीस,

शाळेत आदरांजलीवर बोलायचं आहे, आणि फुलं वाहून गप्प उभं राहण्यापलीकडे तिच्यात असतं काय, असं तू विचारलंस. उत्तर आपल्या गावातच आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, आपल्या घाटावर संताजी घोरपडे यांची समाधी आहे. त्यांचे वडील म्हाळोजी 1689 मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराजांना वाचवताना पडले. पुढे राजाराम महाराजांनी संताजींना सेनापती केलं. 1695 च्या अखेरीस त्यांनी कर्नाटकात दोड्डेरीला मोगल सरदार कासिमखानाची कोंडी केली आणि लगेच पुढच्या जानेवारीत मोगलांच्याच हिंमतखानाला लोळवलं. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार, म्हणजे शत्रूच्या बाजूचा माणूस. तो लिहून गेला की संताजींशी ज्याची गाठ पडे, तो मारला जाई, जखमी होई किंवा कैद होई. सुटलाच तर फौज आणि सामान गमावून सुटे. मला ही संताजींना मिळालेली सर्वांत मोठी आदरांजली वाटते. तिच्यात एकही विशेषण नाही. काय घडलं, तेवढंच आहे.

आपले पूर्वजही असंच करत. कोल्हापूरजवळच्या बीड गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतीचे दगड, तुला दाखवायचे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. माणूस कसा गेला, हे दगड आधी सांगतो. पूजा त्यानंतर येते. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची रीत मात्र अलीकडची. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ती 1919 मध्ये ब्रिटिश साम्राज्यभर रूढ झाली.

आता अवघड भाग. संताजींना मोगली फौजेनं रणांगणात मारलेलं नाही. छत्रपती राजाराम महाराजांशी बिनसलं, सेनापतिपद धनाजी जाधवांकडे गेलं, आपल्याच माणसांत लढाई झाली. 1697 च्या जूनमध्ये, फौज पांगलेली असताना, म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्यांना गाठून ठार केलं. भाषणांत हे बहुधा गाळतात. गाळू नये. ज्या सेनापतीपुढे शत्रू थरथरत होता, त्याला आपण सांभाळू शकलो नाही, हे समाधीपुढे उभं राहून कबूल करायला हवं. त्याविना घातलेला हार माझ्या लेखी अपुरा आहे.

भाषणाआधी डॉ. जयसिंगराव पवारांचं संताजींवरचं पुस्तक वाच. आणि पावसाळा सरल्यावर इकडे ये. पुराचं पाणी उतरलं की घाटावर गाळ साचतो. फुलं आणू नकोस, खराटा आणि घमेलं मी काढून ठेवतो.

तुझे आजोबा