दूरवरून घडणारे कर्म आणि त्याचा कर्ता

रेडिओ-नियंत्रित विमान, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या व्यक्तीने हातातील प्रक्षेपकाने चालवलेली विमानाची लहान प्रतिकृती, उडत असताना कर्ता एका जागी असतो आणि त्याचे कर्म दुसऱ्या जागी घडत असते. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला स्वतःची चूक स्वतःच्या जिवानिशी भोगावी लागू शकते. प्रतिकृती उडवणाऱ्याच्या चुकीचा भार मात्र बहुधा खाली असलेल्यांवर, अनेकदा उड्डाणाची कल्पनाही नसलेल्या माणसांवर पडतो. म्हणूनच सुरक्षित उड्डाणाचा विचार अखेर कर्मविचारापाशी येऊन पोहोचतो.

उदाहरणार्थ, पैठण मार्गावरील चितेगावात कारखाने आणि शेते शेजारी शेजारी आहेत. तेथे पाळी सुटली की रस्ता कामगारांनी भरतो, आणि लांबून मोकळे दिसणारे कापसाचे रान वेचणीच्या दिवसांत वाकून काम करणाऱ्या बायकांनी भरलेले असते. अशा जागी उडणारे 2 किलो वजनाचे विमान सेकंदाला 20 मीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे त्याच्या अंगी आलेली आघाताची क्षमता, 400 ज्यूल असते. तेवढेच वजन सुमारे 20 मीटर उंचीवरून डोक्यावर पडावे, तितकी ही ऊर्जा आहे.

चितेगाव ज्या पैठण तालुक्यात आहे, त्यातीलच आपेगाव हे परंपरेने ज्ञानेश्वरांचे जन्मस्थान मानले जाते. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात गीतेने सांगितलेल्या कर्माच्या पाच कारणांचे विवरण आहे: अधिष्ठान म्हणजे आश्रय, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना व्यापार, आणि दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतला आहे. उड्डाणाच्या मैदानापर्यंत तो ताणणे ही येथे जाणूनबुजून घेतलेली मोकळीक आहे. पाचवे कारण मात्र न ताणताही लागू पडते, कारण अवचित आलेला वाऱ्याचा झोत किंवा तुटलेला रेडिओ-संदेश कर्त्याच्या हाती नसतो.

दैव हेही कारण असेल, तर कर्त्याचा दोष तेवढा हलका होतो, असा युक्तिवाद येथे संभवतो; परंतु तो टिकत नाही. संदेश तुटताच इंजिन किंवा मोटर आपोआप बंद व्हावी अशी व्यवस्था विमानातील ग्राहकयंत्रात आधीच करून ठेवता येते, आणि तिला फेलसेफ म्हणतात. उड्डाणापूर्वी प्रक्षेपकाची शक्ती मुद्दाम कमी करून व काही अंतर चालत जाऊन संदेश नीट पोहोचतो का, हेही तपासता येते. दैवाची जाणीव असणाऱ्यावर ही कामे अधिकच बंधनकारक होतात. ती न करता अपघातानंतर दैवाचे नाव घेणे अप्रामाणिकपणाचे आहे.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये नैतिक दैवयोगाचा प्रश्न मांडला. येथे तो असा विचारता येतो: दोघे सारखेच निष्काळजी असताना एकाचे विमान पडीक रानात पडले आणि दुसऱ्याचे माणसावर, तर दोघांचा दोष सारखा की वेगळा? गीतेने तामस कर्माचे लक्षण सांगताना परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने केलेल्या आरंभावर बोट ठेवले आहे. या कसोटीवर दोघांचेही कर्म तामसच ठरते, आणि हा निर्णय अधिक न्याय्य वाटतो, कारण रान रिकामे निघाले यात पहिल्याचे काहीच कर्तृत्व नव्हते.

25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात, म्हणजे पूर्वपरवानगीविना उड्डाण करता येणाऱ्या क्षेत्रात, उंचीची मर्यादा 120 मीटर असून विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 60 मीटर आहे. चिकलठाणा विमानतळ चितेगावच्याच जिल्ह्यात असल्याने नकाशा पाहिल्याशिवाय येथे उड्डाण करू नये. मात्र कापसाच्या ओळीत आत्ता कोण वाकले आहे, हे कोणताही नकाशा दाखवत नाही; ते उडवणाऱ्यानेच पाहावे लागते.

सर्व दक्षता घेऊनही कोणी जखमी झाले, तर गीतेच्या वरील कसोटीप्रमाणे कर्त्याचे कर्म तामस ठरत नाही. तरीही त्याची वेदना बघ्याच्या हळहळीहून वेगळी असते, असे विल्यम्स म्हणतो, आणि ते खरे आहे. अहंकाररहित कर्त्याला कर्म बांधत नाही, या गीतावचनाचा आडोसा अशा वेळी घेता येणार नाही. जखमीपाशी सर्वांत आधी पोहोचणे आणि उपचारांचा भार उचलणे हे निर्दोष असूनही त्याच्याकडेच येते.