फुलीचे घर



सज्जनहो, आज निरूपणाला पोथीतली ओवी घेतलेली नाही. एका गृहस्थाने प्रश्न विचारला, त्यावर चार शब्द बोलायचे आहेत. गृहस्थ माळकरी. तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान. आषाढीची वारी चुकवीत नाहीत, आणि वारीच्या जोडीला आणखी एक व्रत त्यांनी पंचवीस वर्षे सांभाळले आहे, ते रोटरी क्लबाचे. एकादशीचे कीर्तन आटोपल्यावर ते पाया पडले आणि तिथेच बसून राहिले. म्हणाले, "महाराज, आमच्या क्लबात पूर्वी चाळीस माणसं जमायची. आता सभेला आठ येतात, त्यातले दोघे चहापुरते. पोलिओचं काम केलं, तो रोग देशातून गेला. लोक म्हणतात, आता जमायचं कशाला? माझंही मन उडालंय. सोडून द्यावं म्हणतो. वारी आहेच की."

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्यातले पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या सेवामंडळात आहेत. कोणी दिंडीला पाणी पुरवतो, कोणी वाळवंट झाडतो, कोणी वारकऱ्यांच्या पायाचे फोड धुऊन मलमपट्टी करतो. पहिल्या वर्षी अंगात आनंद मावत नाही. दहाव्या वर्षी तोच माणूस म्हणतो, "माझ्यावाचून अडलंय का?"

आता हा क्लब म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे पुष्कळांना ती श्रीमंतांची जेवणावळ वाटते. १९०५ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना जमवले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनिअर आणि एक शिंपी. चौघे परगावाहून मोठ्या शहरात आलेले, जिवाभावाचे कोणी नाही. आज याच्या कचेरीत, पुढच्या खेपेस त्याच्या, अशी बैठक आळीपाळीने फिरे, म्हणून नाव पडले रोटरी. आपल्या गावी हरिपाठ घरोघर फिरतो ना, तसेच. नुसत्या बैठकीने समाधान होईना, तेव्हा १९०७ साली त्यांनी पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले, ते कोणते म्हणाल? शहरात सार्वजनिक शौचालये बांधवण्याचे! गाडगेबाबांचा खराटा ज्याने पाहिला वा ऐकला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. एक मात्र सांगतो, बायकांना सभासद करून घ्यायला या मंडळींनी १९८९ साल उजाडू दिले. आपल्याकडे मुक्ताई, जनाई किती शतके आधी! पण हसू नका. चोखोबांना देवळाच्या बाहेर उभे आपणच ठेवले, आणि पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. असो.

या मंडळींनी १९८५ साली जगातल्या सर्व मुलांना पोलिओतून सोडवण्याचा संकल्प सोडला. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेने तोच निश्चय केला. त्या काळी वर्षाला अदमासे साडेतीन लाख मुले या रोगाने लुळी पडत. हिंदुस्थानात १९९५ पासून पोलिओचे रविवार सुरू झाले. तोंडात दोन थेंब आणि डाव्या करंगळीला शाईची खूण. एकेका फेरीत सुमारे सतरा कोटी मुलांना डोस पाजायचा आणि त्यासाठी तेवीस लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडायची. सरकारचे लोक होतेच, अंगणवाडीच्या बाया होत्या, आणि रोटरीचे दुकानदार, वकील, डॉक्टरही होते.

पण एकदा पाजून भागले नाही. उत्तर प्रदेश आणि बिहारात पाणी घाण, लेकरांना सारखी हगवण, त्यामुळे थेंब अंगी लागेनात. एकेका पोराला आठ-आठ, दहा-दहा वेळा द्यावे लागले. लोक विचारीत, "कितीदा देता?" सज्जनहो, कितीदा हा प्रश्न वारकऱ्याला पडतो का? काल नाम घेतले, आज कशाला, असे आपल्यातला कोणी म्हणत नाही.

या कामातली एक रीत मला फार भावली. घरोघर फिरणारी माणसे ज्या घरातली सगळी मुले झाली त्या भिंतीवर खडूने एक अक्षर काढीत. जिथे मूल सापडले नाही, किंवा आईबापांनी "आम्हाला नको" म्हणून दार लावले, तिथे फुली. आपण दुसऱ्याच्या नावावर फुली मारतो ती संबंध तोडायला. इथे फुलीचा अर्थ उलटा. त्याच घरी पुन्हा जायचे! शिव्या दिल्या तरी जायचे. कोणी उठवले होते की या थेंबांनी मुले पुढे वांझ होतात. तेव्हा उत्तर प्रदेशात रोटरीने मुसलमान उलेमांची समिती बसवली, आणि मौलवींनी स्वतः सांगितल्यावर कितीतरी दारे उघडली. शेख महंमदांना संत म्हणून पुजणाऱ्या आपल्या संप्रदायाला यात नवे काही नाही.

मग ध्यानात आले की सुटणारी मुले एका जागी राहणाऱ्यांची नव्हेतच. ती रेल्वेच्या फलाटावर, कोसी नदीच्या पुराच्या पट्ट्यात आणि वीटभट्टीवर आहेत. बर्फाची पेटी खांद्याला लावून लोक कंबरभर पाण्यातून गेले. वीटभट्टीचे ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपली वीट आली. पुंडलिकाने आईबापांची सेवा अर्धी टाकली नाही, देवाला विटेवर थांबवले. आणि त्या विटा भाजणाऱ्याचे लेकरू मात्र कोणाच्या यादीत नाही!

आता मुख्य गोष्ट ऐका. इतके करून २००९ साली, म्हणजे चौदा वर्षांनंतर, आपल्या देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला. जगातले जवळजवळ निम्मे रोगी एकट्या हिंदुस्थानात. मोठमोठे जाणते म्हणू लागले, हे होणे नाही. त्या वर्षी ज्याने पेटी खाली ठेवली असेल, त्याला कोणी दोष दिला नसता. ज्यांनी ठेवली नाही, त्यांना २०१० साली ४२ रोगी दिसले आणि २०११ साली एकच, हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी, १३ जानेवारीची. त्यानंतर या रानटी विषाणूने आपल्याकडे एकही लेकरू लुळे केले नाही. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

तर हे गृहस्थ म्हणतात, काम संपले. मी म्हटले, "शेटजी, तुम्ही दुकानदार. खात्यावर थोडी बाकी राहिली तर वही मिटता का?" २०२१ साली साऱ्या जगात या रानटी पोलिओचे अवघे सहा रोगी उरले होते. सर्वांना वाटले, झाले. आणि २०२४ साली पाकिस्तानात आणि अफगाणिस्तानात मिळून नव्वदीच्या वर गेले. तिथे डोस पाजणाऱ्यांवर गोळ्या चालल्या आहेत, त्यांना राखायला गेलेले पोलीस मेले आहेत, तरी बाया पेट्या घेऊन निघतातच. विषाणूला शीव कळत नाही. म्हणून आपल्याकडेही पोलिओचा रविवार अजून पाळतात, आणि म्हणून तुमच्या आठ माणसांना काम आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाशेजारी पाले पडतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन जातात, पोरे पालात. त्यांचे गाव मागे राहिले, आणि या गावच्या यादीत त्यांचे नाव नाही. तिथे कोण जाणार? फलक आणि फोटो घेऊन जाऊ नका एवढेच सांगतो. फोटोत लेकरू मागे पडते आणि हार घातलेले अध्यक्ष पुढे येतात.

गृहस्थ बराच वेळ माळेशी चाळा करीत बसले. मग उठून म्हणाले, "बुधवारी सभा आहे. आठ तर आठ."

मी म्हटले, "ते दोघे चहापुरते येतात म्हणालात ना?"

"हो."

"मंगळवारी त्यांच्या घरी जाऊन या."